काजव्याच्या घशातलं धुकं

चष्मेवाल्याच्या घरात त्या दिवसांत जेवणं गार व्हायला लागली होती. अन्न गॅसवरून वाफाळतच यायचं, पण गृहस्थाचा एक हात फोनवर आणि दुसरा घासासकट हवेत. वाफ बिचारी वाट बघून बघून खिडकीतून निघून जायची. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं त्या वाफेवर कपडे वाळवले असं सांगतात. वाफेवर कपडे वाळत नाहीत हे ठाऊक आहे, पण सांगणारा माणूस भला होता.

"गिळा आता," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे बोलण्यात जास्तीचा आकडा नसे. "कोण गेलं एवढं?"

"गेलं नाही अजून. मारायला निघालेत! काजव्यावर आपल्याकडे सिनेमा काढतायत. जिवंत माणसं घेऊन!"

"मग मेलेली घ्यायची का?"

चष्मेवाल्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की समोरच्या वरणावर साय धरली.

काजवा म्हणजे एका जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे चित्रांच्या, मालिकेतला पोरगा. एका गावात असं धुकं उतरतं, की ते माणसांच्या घशात शिरतं आणि आवाज गिळून टाकतं. काजवा कंदील घेऊन दारोदार जातो, गप्प झालेल्या माणसासमोर मांडी घालून बसतो आणि म्हणतो, "बोल, मी ऐकतोय." बस्स. ना तलवार, ना मंत्र. चष्मेवाला शाळकरी होता तेव्हा त्याचे वडील गेले. त्या वर्षी घरात कुणी कुणाशी बोलेना. तेव्हा संध्याकाळी टीव्हीच्या काचेतून एकटा काजवाच, डब केलेल्या मराठीत, त्याला सांगायचा, की बोल. त्या पोरावर त्यानं जीव टाकला तो कायमचा. त्याला हसू नका. आपण सगळे कुणाच्या तरी अशा एका वाक्यावर तरलेलो असतो.

म्हणून त्याची काळजी खरी होती. फोनवर त्याच्यासारख्यांचा एक समूह होता, 'पहारेकरी' नावाचा, आणि हा त्याचा अध्यक्ष. दर रविवारी दुपारी सगळे कॉलवर जमत आणि रडत. काजव्याचे डोळे बशीएवढे, माणसाला ते कुठून आणणार? केस वाऱ्याविना उडतात, ते टोप घालून कसे उडतील? धुकं कॉम्प्युटरवर करतील, साबणाच्या फेसासारखं दिसेल. कंदील प्लास्टिकचा असेल!

या कॉलवर एक सभासद कधीच बोलत नसे. नुसता ऐकायचा आणि लिहून उत्तर द्यायचा. लिहायचा मात्र फार गोड. कुठल्या भागात कंदिलाची काच तडकलेली आहे, कुठे काजव्याची सावली त्याच्या आधी वळते, सगळं त्याला पाठ. सगळे त्याला मौनीबाबा म्हणत. अध्यक्षाचा तो लाडका होता.

मग एके दिवशी सिनेमाची छोटीशी झलक बाहेर आली. नवा पोरगा, नुकती मिसरूड फुटलेला, कंदील खाली ठेवून बसतो आणि म्हणतो, "बो… बोल, मी ऐकतोय."

"अडखळला!" चष्मेवाला दुकानात एवढ्या मोठ्यानं ओरडला, की शोकेसमधल्या फ्रेमांच्या काड्या मिटल्या. "आमच्या काजव्याचं एक वाक्य, एकच वाक्य, आणि हा अडखळला!"

त्यानं तेवढा 'बो' कापला. तो पुन्हा पुन्हा जोडला. त्यावर बेडकाचा आवाज घातला. वर लिहिलं, 'काजवा मागवला, बेडूक आला.' आणि दिला सोडून.

बेडूक दुपारी सुटला आणि चहाच्या वेळेला सात समुद्र ओलांडून परत आला. लोकांनी त्याची गाणी केली, फोनच्या रिंगटोन केल्या. मौनीबाबानं समूहात लिहिलं, 'ते अडखळणं मुद्दाम असेल. पहिल्या भागात काजव्याच्या स्वतःच्या घशातही धुकं असतं ना? सिनेमा येऊ द्या, मग ठरवू.'

'तुला किती चारलं त्यांनी?' कुणीतरी विचारलं. बाकीच्यांनी बेडूक पाठवले. मौनीबाबानं आणखी एकदा लिहिलं, 'कृपा करून तो व्हिडिओ काढा.' अध्यक्षानं व्हिडिओ काढला नाही. मौनीबाबाला काढलं.

"फितूर निघाला," त्यानं बायकोला सांगितलं.

"काय म्हणाला तो?"

"थांबा म्हणाला."

"भलताच गुन्हा," बायको म्हणाली आणि ताट उचलून घेऊन गेली.

पुढे काही आठवड्यांनी दुकानात एक बाई आल्या. पिकलेले केस आखूड कापलेले, गळ्याभोवती मफलर, आवाज बसका. चष्मेवाल्यानं त्यांना खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड गोल ट्रायल फ्रेम चढवली, तिच्यात एकेक काच घालत नेहमीचं सुरू केलं. "आता बरं दिसतं की आता? हे की आधीचं?"

"आधीचं. लांबचं नीट दिसायला हवं हो. पडद्यावरचे ओठ बघून बोलायचं काम आहे माझं. आणि खाली कागदही वाचायचा."

"मग दोन्ही नंबर एका काचेत करू. पण सांगून ठेवतो, पहिल्यांदा जमीन तिरकी वाटेल, जिना वर आल्यासारखा वाटेल. लगेच परत आणून आदळू नका. आठवडाभर घाला. डोळ्यांना बसू द्या, मग बोला."

हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. मग त्यानं जवळचं वाचायचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. बाईंनी घसा खाकरला आणि सवयीनं, कामाला बसल्यासारखं वाचलं, "घराच्या मागे एक लहान विहीर आहे."

चष्मेवाल्याच्या हातातली काच खाली पडली. तो आवाज! वडील गेले त्या वर्षीचा, टीव्हीच्या काचेतला आवाज! काजवा त्याच्या दुकानात, त्याच्या खुर्चीवर बसून विहिरीबद्दल बोलत होता.

"बाई… तुम्ही… काजवा?"

"ओळखलंत?" बाई हसल्या. "पोराला बाईचा आवाज देतात, लोकांना पत्ताच नसतो. आता काजवा पुन्हा करायचाय. म्हणून तर डोळे तपासायला आले. सिनेमातल्या काजव्याला मीच आवाज देणार."

चष्मेवाल्याला खुर्चीभोवती नाचावंसं वाटलं. "जिंकलो! बाई, हाच जुना आवाज हवा होता आम्हाला! त्या बेडकाला काढला ना शेवटी?"

बाईंचं हसू थांबलं.

"त्याला काढला नाही. दिसणार तोच आहे. त्याला बोलता येत नाही आता."

"म्हणजे?"

"लहानपणी तोतरा होता तो. वर्गात नाव विचारलं तरी घामाघूम व्हायचा. काजव्याच्या पहिल्या भागात चित्रातलं तोंड दोनदा उघडतं, म्हणून मी तिथं अडखळले होते. 'बो… बोल.' आठवतं?"

चष्मेवाल्याला आठवलं. त्याच क्षणी, लख्ख. ती मालिका त्यानं इतक्यांदा पाहिली होती, की ऐकायचंच सोडून दिलं होतं. सगळ्यात प्रामाणिक जागा त्या पोरानं उचलली होती, आणि पहारेकऱ्यांना तीच चोरी वाटली!

"तो मला म्हणाला, 'काजवा अडखळतो आणि तरी पुढे बोलतो, हे पाहिलं आणि मी बोलायला लागलो.' त्या एका 'बो'साठी त्यानं हा सिनेमा घेतला. मीच तयारी करून घेतली. आणि मग तो व्हिडिओ आला." बाईंनी कार्ड मांडीवर ठेवलं. "रस्त्यात पोरं मागून बेडूक काढायची. दुकानात गेला तरी काउंटरवरचा माणूस हसायचा. आधी वाक्यं अडकायला लागली, मग शब्द. आता आईला हाक मारायची तर भांडं वाजवतो. सेटवर कॅमेरा सुरू झाला की नुसते ओठ हलतात. म्हणून माझा आवाज."

"अहो पण… सावरेल ना?"

"डॉक्टर कुठे सांगतात? आणि त्याला जास्त लागलं ते कशाचं, माहितीये? त्या चाहत्यांच्या समूहात तो स्वतः होता. कॉलवर बोलायचा नाही, लिहायचा. तिथं त्याला माणसं आहेत असं वाटायचं. मौनीबाबा म्हणायचे म्हणे."

चष्मेवाल्यानं खाली पडलेली काच उचलून टेबलावर ठेवली.

चष्मेवाल्याला गप्प बसता आलं असतं. बाईंना काही ठाऊक नव्हतं. पण तो काजव्यासमोर उभा होता, आणि काजव्यासमोर आजवर कुणी गप्प राहिलं नव्हतं.

"तो बेडूक मी घातला," तो म्हणाला. "मौनीबाबाला मीच काढलं."

बाईंनी ट्रायल फ्रेम नाकावरून उतरवली, टेबलावर ठेवली. त्याच्याकडे उघड्या, धूसर डोळ्यांनी बघत राहिल्या.

"तुमचं प्रेम होतं ना त्याच्यावर? काजव्यावर?"

"जीव होता, बाई. सिनेमावाले त्याची वाट लावतील म्हणून…"

"मलाही भीती होती. बशीएवढे डोळे माणसाला येत नाहीत. सिनेमा वाईट निघाला असता तर वाईट म्हणायचं होतं. मोठ्यानं म्हणायचं होतं! पण सिनेमाला म्हणायचं. पोराला नाही. आता कसा दिसेल सांगू? एका कोवळ्या पोराचे ओठ आणि त्यातून म्हाताऱ्या बाईचा आवाज. बाहुलीचा खेळ. तुम्हाला भीती होती की काजव्याचं मढं करतील. त्यांनी नाही केलं. तुम्ही केलंत!"

"मी… मला कळलं नाही…"

"कळायला वेळ कुठे दिलात? एका काचेसाठी मला आठवडा देता, जमीन तिरकी दिसली तरी थांबा म्हणता. आणि त्या जिवंत पोराला किती दिलात? एक 'बो'?"

त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "तेवढं एक वाक्य मी करणार नाही, सांगून टाकलंय त्यांना. ते त्याच्याच आवाजात राहणार आहे. आहे तसं."

चष्मेवाल्यानं त्याच दुपारी व्हिडिओ काढून टाकला. पण स्वतःकडचा बेडूक पुसला म्हणून तळं रिकामं होत नाही. त्यानं समूहात सगळं खरं लिहिलं, स्वतःचं नाव घालून. पहारेकऱ्यांनी विचारलं, 'तुला किती चारलं?' मग बेडूक पाठवले. मग अध्यक्षाला काढलं. पद्धत त्यानंच घालून दिलेली होती, त्यामुळे कुणाला काही शिकवावं लागलं नाही.

सिनेमा आला. दुपारच्या खेळाला तो बायकोला घेऊन गेला. पोराचे डोळे बशीएवढे नव्हते, पण त्यांत कंदील मावत होता. काम असं करत होता, की टोप विसरायला व्हावं. फक्त तोंड उघडलं की दुसऱ्याचा आवाज यायचा आणि थिएटरभर खुसखुस व्हायची. मग तो प्रसंग आला. पोरानं कंदील खाली ठेवला, मांडी घातली. बाईंचा आवाज थांबला. आणि एक कोवळा, खराखुरा आवाज म्हणाला, "बो…"

अंधारातून कुणीतरी बेडूक काढला.

थिएटर हसलं. पुढचे शब्द कुणालाच ऐकू आले नाहीत. चष्मेवाला उठून उभा राहिला. "थांबा! अरे तो बेडूक मी घातलाय! त्या पोराची काही चूक नाही! ऐका तरी त्याचं!"

"काका, खाली बसा!"

"काकांना पण डबिंग पाहिजे वाटतं!"

आणखी बेडूक आले. डावीकडून, उजवीकडून, वरच्या रांगेतून. एका दुपारी एकट्यानं सोडलेला तो प्राणी, त्याची पिल्लं आता खुर्च्याखुर्च्यांवर बसली होती. चष्मेवाला उभाच राहिला. शेजारी त्याची बायको उभी राहिली. गणितवाली बाई, पण त्या वेळी तिनं समोर किती जण आहेत ते मोजलं नाही.

मंडळी, तुमच्या-माझ्या हातातही तोच फोन आहे. आपल्याला जे आवडतं त्याचा पहारा जरूर करावा. नासलं तर नासलं म्हणावं, तो आपला हक्क आहे. पण पहारा करणाऱ्यानं आधी बघावं, पूर्ण ऐकावं, आणि काठी उगारायचीच तर कामावर उगारावी, माणसावर नाही. कारण कामाला दुसरी संधी मिळते. कुणाचा घसा एकदा मिटवला, तर तो उघडायची किल्ली मिटवणाऱ्याकडे नसते. ज्या काजव्यानं आपल्याला बोलतं केलं, त्याच्याच नावानं आपण कुणाला मुकं करावं, यापरता काजव्याचा अपमान कोणता सिनेमा करणार आहे?

चष्मेवाला आता दर रविवारी दुपारी एकटाच कॉल उघडून बसतो. एकाच माणसाला बोलावणं धाडतो. पहिल्यांदा त्यानं सोबत लिहिलं होतं, 'बोल, मी ऐकतोय.' मग पुसलं. ते वाक्य त्यानं स्वतःच नासवलं होतं. त्याऐवजी लिहिलं, 'तो बेडूक माझा होता. मी इथं बसलोय.'

बरेच रविवार पडद्यावर त्याचं एकट्याचंच नाव असे. मग एका रविवारी दुसरं नाव उजळलं. मौनीबाबा. पलीकडून नुसता श्वास. लांबवर कुठेतरी भांड्याचा आवाज. आणि मग, खूप वेळानं, "बो…"

शब्द तिथंच अडकला. आत कुणीतरी धडका देत होतं. पुढचा शब्द चष्मेवाल्याच्या ओठांवर होता, लहानपणापासून पाठ होता. त्यानं तो पुरवला नाही. घाई केली नाही. हूं की चूं केलं नाही. बसून राहिला.

टेबलावरचं जेवण गार झालं. त्या दिवशी बायकोनं त्याला हाक मारली नाही.