ढालकिड्याच्या पाठीवरचा उजेड

टेलरबाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला, जराशी वाट पाहिली आणि तो परत नणंदेच्या हातात दिला.

"वन्सं, बिघडलाय हा. सगळा काळोख आहे."

नणंदेनं त्यातून पाहिलं. कुंडीतलं लिंबाचं रोप, त्याच्या कोवळ्या शेंड्याला चिकटलेला बारीक हिरव्या किड्यांचा मावा, त्यातून लगबगीनं ये-जा करणाऱ्या मुंग्या, सगळं जागच्या जागी होतं. तिनं कॅमेरा पुन्हा वहिनीकडे दिला. टेलरबाईंनी तो पुन्हा उजव्या डोळ्याला लावला, डावा घट्ट मिटला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

तेव्हा नणंदेच्या लक्षात आलं आणि ती हसत सुटली. आधी तोंडावर हात ठेवून, मग बाल्कनीचा कठडा धरून.

"अगं वहिनी, चांगला डोळा मिटून, गेलेल्या डोळ्यानं बघतेयस तू!"

टेलरबाई क्षणभर चिडल्या. उजव्या डोळ्याचा पडदा सुटला, ऑपरेशन झालं, ते फसलं, आणि तेव्हापासून त्या डोळ्याच्या आसपास कुणी हसलं नव्हतं. शेजारणी त्यांच्याशी आजाऱ्याशी बोलावं तशा हळू आवाजात बोलत. नवरा वाटेतली स्टुलं उचलून भिंतीला लावी. काळजीची माणसं सगळी, पण त्या काळजीखाली जीव गुदमरायचा. आणि आता ही बया खिदळत होती. टेलरबाईंच्या ओठांची कड हलली, मग पोटातून हसू आलं, ते थांबेचना. गेलेल्या डोळ्यालाही पाणी आलं. नणंदेचे पाय धरावेत असं त्यांना वाटलं. पण नणंदेचे पाय काय धरायचे, म्हणून त्यांनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"तुम्ही माणूस आहात की कोण?"

"कीटकांची फोटोग्राफर," नणंद म्हणाली. कॉलेजच्या कीटकशास्त्र विभागात ती किड्यामुंग्यांचे फोटो काढायची आणि विभागानं मोडीत काढलेला हा कॅमेरा वहिनीसाठी मागून आणला होता. "आमच्या धंद्यात एक डोळा मिटूनच घ्यावा लागतो. तुझं ते काम आयतंच झालंय."

विनोद झाला, तरी टेलरबाईंची नजर दाराकडे गेलीच. दारापाशी शिलाई मशीन होतं, चादरीनं झाकलेलं. इतकी वर्षं ते खिडकीशी असायचं. एका डोळ्यानं दिसतं सगळं, पण पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते कळत नाही. दोरा सुईच्या पुढून तरी जायचा, नाहीतर मागून. एकदा कात्री कापडाच्या कडेऐवजी गिऱ्हाइकाच्या तयार बाहीत शिरली, त्या दिवसापासून टेलरबाई मशीनवर बसल्या नव्हत्या. नवऱ्यानं मित्राच्या बायकोला ते देऊ केलं होतं. रविवारी ती माणसं न्यायला येणार होती. "डोळ्यांसमोर राहिलं की तुलाच त्रास," तो म्हणाला होता, तेही इतक्या मायेनं की भांडायचीही सोय नव्हती. त्या हो म्हणाल्या होत्या. त्या रात्री उशी ओली झाली, ते त्यानं पाहिलं नाही.

"इकडे बघ," नणंद म्हणाली. "लेन्सची रिंग फिरवायची नाही. ती मी अगदी जवळचं दिसेल अशी लावलीय. आता तूच पुढे-मागे व्हायचं. किडा स्पष्ट झाला की दाब. आणि अशी वरून साहेबासारखी काय बघतेस? मुंगी होऊन साखर खावी म्हणतात. बस खाली."

टेलरबाई खाली बसल्या. कोपर गुडघ्यावर टेकलं, श्वास सोडला आणि जराशा पुढे झुकल्या. आधी नुसता हिरवा धूर. मग त्यातून मुंगीची एक मिशी उगवली, मग डोळा, मग पायावरची लव, आणि आणखी पुढे झुकताच मिशी पुसट झाली. म्हणजे मिशी पुढे होती आणि पाय मागे. त्या पुन्हा मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या. त्यांना ते कळत होतं. पुढचं आणि मागचं, दोन्ही.

"काय झालं?" नणंदेनं विचारलं.

"काही नाही," टेलरबाई म्हणाल्या. "गप्प बसा जरा."

मग त्यांना नादच लागला. दूध उतू जाई, नवरा ओरडे, आणि बाई कुंडीपुढे मांडी घालून डुलत असत. पहिले फोटो म्हणजे नुसता चिखल. मग एखाद्या मुंगीचं ढुंगण तेवढं स्पष्ट येऊ लागलं. पुढे तोंडही आलं. मावा खायला एक ढालकिडा आला, लाल, काळ्या ठिपक्यांचा, आणि तिथं घोडं पेंड खायला लागलं. त्याची पाठ आरशासारखी. फ्लॅश पडला की मधोमध पांढरा डाग उठे, ठिपके गायब. फोनवर नणंद म्हणाली, फ्लॅशपुढे पांढरा कागद धर. कागद फाटला, उडाला, चिकटपट्टीला जुमानेना. टेलरबाई वैतागल्या.

शनिवारी नणंद आली. फोटो बघत बघत ती ढालकिड्यावर थांबली. लाल पाठीवर मऊ उजेड पसरला होता, सगळे ठिपके मोजून घ्यावेत इतके स्पष्ट.

"वहिनी, असा उजेड आमच्या विभागात नाही पडत गं. काय केलंस?"

टेलरबाईंनी कॅमेरा पुढे केला. फ्लॅशवर पांढरी टोपी बसवलेली होती. दुहेरी अस्तराचं कापड, कडेला आकार धरावा म्हणून कॉलरचं कॅनव्हास, दोन बाजूंना टक्सच्या चुण्या, मागे इलॅस्टिक.

"कुठून आणलीस?"

"आणतेय कुठून? कागदाला कंटाळले. घरात चिंध्यांना काय तोटा?"

नणंदेनं टोपी काढून उलटी केली. बारीक, एकसारखी मशीनची शिलाई होती. एका टोकाला ती जरा तिरकी गेली होती, तेवढंच. तोंडाचा पट्टा कायम चालू असलेली बाई ती, पण टोपी हातात घेऊन नुसती शिलाईवरून अंगठा फिरवत राहिली.

"दोरा कसा ओवलास?" शेवटी तिनं विचारलं.

"तुम्हीच शिकवलंत की. मान पुढे-मागे करायची. स्पष्ट झालं की घालायचा." टेलरबाईंनी कॅमेरा मांडीवर घेतला. "वन्सं, तुम्ही त्या दिवशी हसला नसतात ना, तर मी त्या कुंडीपुढे कधी बसलेच नसते."

नणंदेनं डोळे पुसले आणि नाक जोरात ओढलं.

"विभागात असले चार कॅमेरे आहेत. चारींना टोप्या हव्यात. शिवशील?"

"घेऊन या," टेलरबाई म्हणाल्या. "माप घेतल्याशिवाय मी कापड कापत नाही."

दारात नवरा उभा होता. त्यानं किती ऐकलं कोण जाणे. चादर काढून त्यानं घडी घातली, मशीनला दोन्ही हातांनी धरलं आणि ते जड धूड धापा टाकत, फरशीवर करकर वाजवत खिडकीकडे ओढू लागला.

"उचलून न्या हो, फरशीला चरे पडतील," टेलरबाई म्हणाल्या, आणि दुसरी बाजू धरायला उठल्या.