सात नंबरची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. जुनी म्हणजे किती, तर सहा वर्षांची. हसू नका. किल्ल्याच्या भिंती मला लेकरू म्हणतील, हे मला ठाऊक आहे. पण त्या एकदा उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. मी एका जागी उभी राहिले, तिथून निघाले, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून अर्धा कोस गेले आणि दुसऱ्या जागी पुन्हा उभी राहिले. भिंत चालल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मी ती स्वतःच्या अंगाने अनुभवली आहे.

जबलपूरहून बरगीकडे जाताना सडकेला लागून एक वस्ती आहे. तिथल्या प्राथमिक शाळेच्या वर्गात मी असते. माझा जन्म मात्र जबलपुरातल्या ग्वारीघाटाच्या रस्त्यावरच्या एका शेडमध्ये झाला. आधी लाकडी चौकट केली. तिच्यात बांबूच्या पट्ट्यांची जाळी विणून बसवली. मग माती, चुना आणि भाताचं तूस कालवून तो गारा जाळीत दाबून भरला. ना भट्टी, ना धूर. मी सावलीत निवांत वाळले. माझ्यासारख्या बारा भिंती झाल्या, सगळ्या एका मापाच्या. चौकटींना भोकं ठेवली होती. त्यांत बोल्ट घालून पान्याने कसले की वर्ग उभा, आणि बोल्ट काढले की वर्ग मोकळा. माझ्या चौकटीवर सात हा आकडा होता. त्या आकड्याचा मला अजून अभिमान आहे.

आम्हाला घडवणारे तरुण इंजिनीअर हेमचंद्र चार कामगार घेऊन वस्तीत आले आणि नऊ दिवसांत वर्ग उभा करून गेले. वर पत्रा आणि पत्र्याखाली बांबूच्या चटया. मे महिन्यात आसपासची घरं तव्यासारखी तापायची, पण आमच्या आत मुलं सुखाने बसायची. शिकवणाऱ्या पद्मजा मॅडम रोज जबलपूरहून बसने यायच्या. आल्या आल्या माझ्यावर तळहात टेकवून म्हणायच्या, "अच्छा, गार आहेस गं बाई!" मग मी दिवसभर ताठ असायची.

वस्तीत एका माणसाला मात्र आम्ही डोळ्यांसमोर नको होतो. ते म्हणजे शेजारच्या घरातले टिकाराम. टिकाराम राजमिस्त्री. तीस वर्षं त्यांनी विटेवर वीट ठेवली होती. जबलपुरात कमानिया गेटजवळच्या व्यापाऱ्यांच्या माड्या त्यांनी बांधल्या, शहरातल्या मोठ्या शाळाही बांधल्या. त्यांची बायको लीलाबाई आमच्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधायची आणि नात दीक्षा त्याच वर्षी पहिलीत येऊन मला टेकून बसू लागली होती. शाळेत सगळा कारभार हिंदीत. मी मराठी शिकले ती या घराकडून.

एक दिवस टिकाराम मॅडमना म्हणाले, "आमच्याच लेकरायले बांबूची शाळा काहून? बड्या लोकांच्या शाळा विटा-सिमेंटच्या. म्या बांधल्या, मले ठाऊक आहे."

"टिकारामजी, ही कच्ची नाही हो. वेगळी आहे," मॅडम म्हणाल्या.

"आमच्या वाट्याला जे येते ते वेगळंच असते, मॅडम."

  लीलाबाई डाळ ढवळता ढवळता हसून म्हणाली, "यायले बांबूचा राग नाही आहे, दीदी. गावात मिस्त्री असून कोणी बोलावलं नाही, त्याचा राग आहे." टिकाराम निघून गेले. भिंतीला कान असतात म्हणतात ना? त्या दिवशी मला वाटलं, मन नसतं तर बरं झालं असतं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. शाळा बंद होती. एका सकाळी टिकाराम घरून सिमेंटचं पोतं, वाळू आणि थापी घेऊन आले. दारालगतची आणि सडकेकडे तोंड केलेली भिंत मीच, म्हणून त्यांनी मला निवडलं. आतून, बाहेरून, कडांवरून, बोल्टांवरून, सगळीकडे त्यांनी सिमेंटचा गिलावा चढवला. काय हात होता त्यांचा! आरशासारखी सपाट झाले मी. वर पिवळा रंग दिला. नातीच्या शाळेची एक तरी भिंत पक्की असावी, एवढंच त्या भल्या माणसाच्या मनात होतं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि मॅडम मला पाहून थबकल्या. या भिंतींना हवा लागू द्या, त्यांच्यावर सिमेंट लावू नका, असं हेमचंद्र त्यांना बजावून गेले होते. पण समोर टिकाराम उभे होते, पहिल्यांदाच हसत. मॅडमच्या तोंडून निघालं, "छानच झालीय." मित्रांनो, भिडेपोटी बोललेला हा एक शब्द मला फार महाग पडला. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

पुढची तीन वर्षं मी मिरवले. पंधरा ऑगस्टचा फोटो माझ्यापुढे, सव्वीस जानेवारीचा फोटो माझ्यापुढे. बाकीच्या अकरा बहिणी मातकट रंगाच्या, आणि मी पिवळीधमक! पण दिसतं तसं नसतं. पावसाळ्यात आत शिरलेली ओल बाहेर पडायला वाट नव्हती. बहिणी भिजायच्या आणि वाळायच्या. मी नुसती भिजत राहिले. माझ्या पोटातले बांबू काळे पडत होते आणि बाहेरून माझं कौतुक चाललं होतं. सांगणार कोणाला?

मग सडक रुंद करायचं ठरलं. शाळेची जागा त्यात गेली. नवी जागा मिळाली वस्तीच्या टोकाला, तळ्याच्या वरच्या अंगाला. पण शिक्षण खात्याच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "सत्र खुलने तक स्कूल खड़ा हो तो ठीक. नहीं तो बच्चे सड़क पार वाले स्कूल में जाएँगे." शाळेत एकतीस मुलं होती. सडकेवरून दिवसभर ट्रक धावायचे. लीलाबाई त्याच दिवशी म्हणाली, "सडकेच्या पल्याड मी पोरीले पाठवत नाही." असं म्हणणारी ती एकटी नव्हती. चौथी पास झालेल्या दीक्षाची पाचवी आता बारा भिंतींवर येऊन ठेपली होती.

हेमचंद्र पाना घेऊन पुन्हा आले. दोन दिवसांत अकरा भिंती मोकळ्या झाल्या आणि ट्रॉलीतून तळ्याकडे गेल्या. मी तेवढी राहिले. माझे बोल्ट सिमेंटमध्ये गाडले गेले होते. सत्राला चार दिवस उरले होते आणि नवी भिंत वाळायला महिना लागला असता. हेमचंद्र कपाळावर हात मारून म्हणाले, "ही फोडावी लागणार. पण मग वर्ग बंदिस्त कसा करायचा?"

 मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "चूक माझी आहे, टिकारामजी. ते लावलंत तेव्हाच मी सांगायला हवं होतं."

टिकाराम घरात गेले. मला वाटलं, रागावले. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात छन्नी आणि हातोडा होता. "म्या लावलं, मीच काढीन. कोणी हात लावू नका."

जूनच्या उन्हात ते सकाळपासून दिवस कलेपर्यंत बसून होते. छन्नी बोटभर चालवायची, थांबायचं, पुन्हा चालवायची, म्हणजे आतली माती दुखावणार नाही. स्वतःचं सगळ्यात देखणं काम ते स्वतःच्या हाताने फोडत होते. गिलाव्याचा मोठा तुकडा निघाला आणि आतला कुबट वास बाहेर आला. काळा बांबू त्यांच्या बोटांत भुसा झाला. त्यांनी माझ्यावर कपाळ टेकवलं. "मी तुले मारून राहिलो होतो गं," ते म्हणाले, "अन् मले वाटे, सजवून राहिलो." मित्रांनो, त्या क्षणी मी त्यांना सगळं माफ केलं.

मग ते हेमचंद्रांकडे वळले. "आतलं काम कसं करतात, ते दाखव मले."

"दाखवतो काका. पहिल्याच दिवशी तुम्हाला बोलवायला हवं होतं," हेमचंद्र म्हणाले, आणि मान खाली घालून बांबूच्या पट्ट्या सोलायला बसले.

पाच पट्ट्या सडल्या होत्या, त्या बदलल्या. लीलाबाईने तूस घालून माती तुडवली. माहेरी ती हेच करत आली होती, फक्त तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. ठिगळ लहान होतं, वारा कोरडा होता. दोन दिवसांत वाळलं. टिकारामांनी वरून चुन्याचा हात दिला. पिवळ्यापेक्षा तो पांढरा मला कितीतरी शोभला. चौथ्या दिवशी ट्रॉलीतून निघाले तेव्हा दीक्षा मला धरून बसली होती.

सत्र उघडलं त्या सकाळी साहेब आले. वर्ग उभा होता आणि एकतीसही मुलं आत होती. साहेबांनी मला बोटाने वाजवून विचारलं, "यह दीवार कच्ची है क्या?"

टिकाराम पुढे झाले. "पक्की की थी साहब, तब सड़ रही थी. अब अच्छी है."

"स्कूल बनाया किसने?"

"हमारे आबाजी ने," दीक्षा आतून ओरडली. टिकारामांनी हेमचंद्रांकडे पाहिलं. हेमचंद्र म्हणाले, "सही बोल रही है."

आता दीक्षा बरगीच्या मोठ्या शाळेत जाते. टिकाराम दर दिवाळीच्या सुट्टीत येतात, बोल्ट कसतात, चुना देतात आणि कान लावून मला ठोकून पाहतात. मित्रांनो, तुमच्याही वर्गाला भिंती आहेत. त्यांच्यावर माया करा, पण त्यांना काय सोसतं ते आधी विचारा. आणि ज्या गावात भिंत उभी करायची, त्या गावातल्या हातांना आधी बोलवा.

माझ्या चौकटीला आता एक खिळा आहे आणि त्यावर वर्गाचा पाना टांगलेला असतो. तो टिकारामांच्या ताब्यात आहे. उद्या पुन्हा कुठली सडक आली, तर पहिली हाक त्यांनाच जाईल.