बाबूभाईंची नक्कल

एकोणीसशे सत्तावन सालच्या उन्हाळ्याअखेरीस फ्लूची साथ नागपुरात पोचल्याचं कळलं आणि वडशाच्या धानगिरणीचे मुकादम सोमाजी कामाला लागले. हिवाळ्यात नाटकं बसवणारा हा गडी, गिरणीलाही त्यानं नाटक मंडळीच करून टाकलं. नट तापानं फणफणला म्हणून प्रयोग मोडत नाही, तेव्हा प्रत्येकानं आणखी एकाची नक्कल, म्हणजे भूमिका, पाठ करून ठेवायची असं बजावलं. हमाल वजनकाटा शिकला, काटेवाला चाळणी. धान वाळवणाऱ्या गिरजाच्या वाट्याला मात्र बाबूभाईंचा बॉयलर आला.

त्या लोखंडी धुडाच्या वाऱ्यालाही ती उभी राहत नसे. बाबूभाईंनी तिला शेजारी उभं करून भट्टीत तूस किती लोटायचं, काचेत पाणी कुठवर दिसायला हवं, सगळं सावकाश दाखवलं. ती डोळे फाडून बघत राहिली.

साथ वडशात आली आणि निम्मी गिरणी अंथरुणाला खिळली. एका सकाळी बाबूभाईही आले नाहीत. हौदांत उकड्या तांदळाचं धान भिजत पडलेलं. आज वाफ मिळाली नाही तर ते आंबणार, गिरणी बसणार आणि सगळ्यांच्या चुली थंडावणार. सोमाजींनी नुसतं गिरजाकडे पाहिलं.

तिनं भट्टी पेटवली. दाबाचा काटा चढला. मग थेट बाबूभाईंसारखी मान कलती करून तिनं वाफेच्या चावीला हात घातला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बिस्मिल्ला."

बाया तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तिला बिचारीला वाटत होतं, बाबूभाई रोज चावी फिरवताना म्हणतात तो शब्द मशीनचाच आहे, त्याशिवाय वाफ सुटत नाही.

आणि वाफ सुटली. पायाखालची जमीन थरथरली, पांढरे लोट कौलांपर्यंत चढले, ओल्या धानाचा ऊन वास आवारभर दाटला. हसू दाबणारी तिची सोबतीण ताराबाईसुद्धा पुढे येऊन बघू लागली. एवढं बळ आपल्या एका हातानं हलतं, याचं गिरजाला इतकं नवल वाटलं की भ्यायचंच राहून गेलं.

दुपारी बाबूभाईंची बायको खैरुन आली. साथीमुळे ती फाटकाबाहेरच थांबली. मशीनचा आवाज ऐकून बाबूभाई तापातच उठून निघाले होते, असं ती गिरजाला सांगू लागली.

"इचारलं, कोन हाय मशीनवर? मी तुझं नाव सांगतलं."

"मंग?" गिरजानं भीतभीत विचारलं.

"मंग मी झोपतो, म्हने. रातभर डोळा लागला नोहता त्यायचा. आता झोपून हायेत."