उतरत्या आवाजातलं वाक्य

डॉक्टर काय म्हणाले ते दिएपला मुलाकडून कळलं. डॉक्टरांचं बोलणं तिला अर्धंमुर्धंच समजलं होतं.

"बाबांच्या हृदयाचा ताल चुकतोय," मुलगा म्हणाला. "ऑपरेशनची तारीख मार्चमधली आहे. त्याआधी पडले आणि श्वास थांबला, तर अँब्युलन्सच्या एकशे पंचावन्न नंबरला फोन करायचा. लगेच. दोनचार मिनिटंच असतात, आई."

एवढं सांगून तो प्ल्झेनला, आपल्या कॉलेजात निघून गेला, आणि ती दोनचार मिनिटं दिएपच्या पदरात राहिली.

जर्मन सरहद्दीजवळच्या या चेक गावात तिला एकोणीस वर्षं झाली होती. नवराबायको मिळून किराणा दुकान चालवत. तोआन माल आणायचा, ती गल्ल्यावर बसायची. आकडे, 'पिशवी हवी का', 'धन्यवाद', 'पुन्हा या' एवढ्या चेक भाषेवर एकोणीस वर्षं निभावली होती. कागदपत्रं, बँक, डॉक्टर हे सगळं मुलगा लहानपणापासून पाहायचा. आता घरात तो नव्हता, आणि हिवाळ्यात सकाळी तासन्‌तास दुकानात गिऱ्हाईक फिरकत नव्हतं.

ती व्लास्ता आजींकडे गेली. मुलाला लहानपणी त्यांनीच सांभाळलं होतं. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. उभी हयात त्यांनी रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवली होती.

"मला सगळी भाषा नको," दिएप म्हणाली. "एक वाक्य शिकवा. नवरा श्वास घेत नाही."

आजींनी ते एका चिठोऱ्यावर लिहिलं. शेवटचा शब्द होता 'नेदीखा', श्वास घेत नाही. दिएपने तो वाचला.

"मला काय विचारतेस?" आजी म्हणाल्या. "नवरा तुझा आहे."

"विचारत नाही. सांगते."

"मग सांग की."

तिने पुन्हा सांगितलं. आजींनी चष्मा काढला. "परत विचारलंस."

असं पाचसहा वेळा झालं. मग आजींनी तिला चिठोऱ्यातल्या अक्षरांवर बोट ठेवून वाचायला लावलं, आणि चोर सापडला. शेवटच्या अक्षरावर एक तिरकी रेघ होती. दिएपच्या व्हिएतनामी भाषेतही अक्षरांवर अगदी तश्शीच रेघ असते, पण तिथे ती दिसली की आवाज वर न्यायचा असतो. इथे ती फक्त दीर्घ उच्चाराची खूण होती. दिएप रेघ पाहायची आणि आवाज जिना चढायचा. चेकमध्ये 'श्वास घेत नाही' आणि 'श्वास घेत नाही का' यांचे शब्द तेच. शेवटी आवाज उतरला तर सांगणं, चढला तर विचारणं.

म्हणजे एकोणीस वर्षं आपण जे जे सांगितलं, ते लोकांना विचारल्यासारखं वाटत होतं?

"रेघेवर थांब, चढू नकोस," आजी म्हणाल्या. "जोर पहिल्या अक्षरावर. मग लांबव, आणि शेवटी खाली ठेव. गाडी येतेय असं मी सांगायचे ना, तेव्हा येऊ का म्हणून गाडी विचारत नव्हती."

दिएप हसली, पण जमलं नाही. एकदाच, संध्याकाळच्या सुमाराला, आवाज नीट खाली उतरला, आणि तिने चिठोरं पालथं करून ठेवलं.

"हं. हे बरोबर," आजी म्हणाल्या.

"खाली आणलं की खरं वाटतं, आजी."

"त्यासाठीच असतं ते, पोरी."

घरी ती माल लावता लावता पुटपुटू लागली. मान्झेल नेदीखा. नवरा श्वास घेत नाही. तोआन शिडीवर चढून डबे रचत होता.

"आज किती वेळा मारलंस मला?" त्याने वरूनच विचारलं.

"असं बोलू नका हो."

"मी बोलतोय? सकाळपासून तू बोलतेयस. जरा दमाने मार, हा खोका संपू दे."

मग शिडीवरून उतरून तो हळू आवाजात म्हणाला, "खरंच बंद कर. अभद्र बोललं की घडतं. तुझी आईच म्हणायची ना?"

आई म्हणायचीच. दिएपने तोंड मिटलं. पण भीती काही मिटेना. वाक्य बोलावं तर ते ओढवून घेतल्यासारखं, न बोलावं तर ऐनवेळी जीभ दगा देणार.

आजींनीच तोड काढली. "पाव संपला की गिऱ्हाइकाला काय सांगतेस?"

"ख्लेबा नेनी." पाव नाही.

"त्यातही शेवटी रेघ आहे. त्यावर हात बसव. पाव नसल्याने कोणी मरत नाही."

तेव्हा दिएपला उलगडलं, की 'पाव नाही' म्हटल्यावर माणसं तिच्याकडे गोंधळून का बघतात, आणि सुतार हाव्रानेक दरवेळी 'अहो, तेच तर मी तुम्हाला विचारतोय' का म्हणतो. हिवाळाभर ती गिऱ्हाइकांवर हात बसवत राहिली. जानेवारीच्या अखेरीस हाव्रानेक आला, 'पाव नाही' ऐकून नुसती मान डोलावली आणि बिस्किटं घेऊन गेला. दिएपला वाटलं, जमलं. पण रात्री अंथरुणावर ती तोआनच्या छातीचं वरखाली होणं मोजत पडे आणि मनात म्हणे, पाव वेगळा.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास तोआन पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा आत आणत होता. दाराशी गठ्ठा आपटल्याचा आवाज आला. त्यामागून दुसरा आवाज आला, मऊ आणि जड.

तो कुशीवर पडला होता. तिने त्याला उताणं केलं, हाक मारली, गालावर मारलं. डोळे अर्धवट उघडे होते. तिने फोन लावला आणि तो फरशीवर ठेवून आवाज मोठा केला.

पलीकडे एक बाई होती. पत्ता दिएपने नीट सांगितला. घर क्रमांक तीन. त्यातलं ते 'र' आणि 'झ' एकाच दमात म्हणायचं अक्षर जिभेवरून घसरलं, पण बाईंना कळलं.

"काय झालंय?"

"नवरा. पडला."

"श्वास घेतोय?"

दिएपने त्याच्या तोंडाशी कान नेला. छातीवर हात ठेवला. आपल्याच कानातल्या ठोक्यांपलीकडे काही ऐकू येईना.

"नेदीखा," ती म्हणाली. आवाज सरसर वर गेला.

"बाई, मी तुम्हाला विचारतेय. घेतोय की नाही?"

"नेदीखा?"

"गाडी निघालीय. पण मला आत्ता कळायला हवं. त्याच्याकडे बघा आणि सांगा."

दिएपला चूक कळत होती. रेघ कळत होती. पण आत्ता ती रेघेमुळे चढत नव्हती. ती खरोखरच विचारत होती. त्या बाईंना, दुकानाला, तोआनला, सगळ्यांना. आवाज खाली आणायचा म्हणजे विचारणं संपवायचं. म्हणजे हो, हे झालंय, असं आपल्या तोंडाने मान्य करायचं. आणि मान्य केल्यावर मग पुढे काय?

तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं. ते जांभळट पडत चालले होते.

ती फोनकडे वाकली. पहिल्या अक्षरावर जोर दिला, लांबवलं, आणि भरलेली घागर जमिनीवर टेकवावी तसा शेवट खाली ठेवला.

"मान्झेल नेदीखा."

"समजलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं बोलणं एकदम बदललं. भरभर, तुटक. छातीच्या मधोमध तळहात. त्यावर दुसरा हात. कोपर सरळ. दाबा. जोरात. मोठ्याने मोजा, मला ऐकू यायला हवं.

एक, दोन, आणि तिसऱ्या आकड्याशी तेच जिभेवरून घसरणारं अक्षर. दिएप अडखळली, हात अडखळले.

"तुमच्या भाषेत मोजा. कुठल्याही भाषेत मोजा. थांबू नका."

मोत, हाय, बा, बोन. ती मोजत राहिली. हाताखाली काहीतरी कट्‌कन मोडल्यासारखं वाटलं. तिने ते ओरडून सांगितलं, बाईंना काय कळलं कोण जाणे, त्या एवढंच म्हणाल्या, "दाबत राहा." घाम डोळ्यांत उतरला. आकडे दहाच्या पुढे जाईनात, म्हणून ती दहापर्यंत जायची आणि पुन्हा एकावर यायची.

दार ढकलून दोन माणसं आणि एक तरुण बाई आत आली, तरी तिचे हात थांबले नाहीत. त्या बाईने तिचे दोन्ही पंजे धरून बाजूला केले. त्यांनी शर्ट कापला, तारा चिकटवल्या, सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. विजेच्या झटक्याने तोआनचं अंग उचललं गेलं आणि पडलं. पुन्हा एकदा. मग त्यांच्यातला एक जण गुडघ्यांवर मागे रेलला आणि म्हणाला, "नाडी लागतेय. चला, उचला लवकर."

"वाचेल?" दिएपने विचारलं. हे मात्र विचारायचंच होतं.

"सध्या आहे," तो म्हणाला. "पुढे बसा, ड्रायव्हरशेजारी."

दुकान उघडंच राहिलं. बर्फातल्या रस्त्यावरून गाडी भोंगा वाजवत निघाली. मागच्या पत्र्याच्या भिंतीपलीकडे काय चाललंय ते दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. दिएपचे हात मांडीवर एकावर एक होते, आणि ती ओठांतल्या ओठांत मोजत होती. आपण थांबलो तर पलीकडेही थांबेल, असं तिला वाटत होतं.

ड्रायव्हरने तिच्याकडे एकदा पाहिलं. "काय म्हणताय, बाई?"

तिने मान हलवली आणि पुन्हा एकापासून सुरू केलं.