त्र्याहत्तर मीटर

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, जमीन मोजणारा. माझी पोलादी पट्टी तीस मीटर लांब आहे. कातडी डबीत मी गुंडाळून बसतो आणि डबीच्या बाजूला मला आत ओढून घ्यायची पितळी मूठ आहे. कातडे आता फाटले आहे, मूठ सैल झाली आहे. सव्वीस ते अठ्ठावीस मीटरच्या मधले आकडे गंजाने खाल्ले आहेत. तरीही माझी गोष्ट मला नीट आठवते. ती सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. लालबुंद पोलाद फिरत्या रुळांखाली दाबून माझी पट्टी काढली. मग एका बाईने भिंग डोळ्याला लावून माझ्यावरचा एक-एक आकडा तपासला. शेवटी मला एका लांब ओट्यावर ताणून धरले आणि प्रमाण पट्टीशी ताडून पाहिले. केसाचाही फरक निघाला नाही. तेव्हा माझ्या टोकाच्या कडीजवळ एक छोटा शिक्का बसला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता.

मला विकत घेतले ते एका तरुण मोजणीदाराने. मोजणीच्या कचेरीत तो नुकताच लागला होता. माणूस कमी बोलणारा, पण कामात चोख. पावसात भिजलो की घरी गेल्यावर आधी मला कोरडे करायचा, तेलाचा बोळा फिरवायचा आणि मगच स्वतःचे डोके पुसायचा. त्याची बायको म्हणायची, "त्या टेपाशीच लग्न करायचं होतंत!" तो नुसता हसायचा.

आम्ही दोघांनी खूप मोजले. दवाखान्याचा पाया, शाळेचे मैदान, पुलाचे कठडे. एकदा दोन सख्ख्या भावांत हातभर जमिनीवरून डोकी फुटायची वेळ आली होती. मोजणीदाराने मला पसरले, आकडा वाचला आणि दोघेही गप्प झाले. "हा टेप खोटं बोलत नाही," थोरला भाऊ म्हणाला. ती शाबासकी मी कितीतरी वर्षे जपली.

मोजणीदार मूळचा खाणवस्तीतला. दगडाची खाण कधीच बंद पडली होती, पण माणसे तिथेच राहिली होती. कड्याच्या पायथ्याशी चाळीसेक घरे, दोन खोल्यांची शाळा, एक शिंपी आणि वरच्या ओळीच्या टोकाला एक पावभट्टी. ती भट्टी मोजणीदाराच्या धाकट्या बहिणीची. सगळे तिला भट्टीवाली म्हणत.

मित्रांनो, आता त्या एका दिवसाबद्दल सांगतो. कचेरीने खाणवस्तीचा नकाशा करायला सांगितला होता. आम्ही दिवसभर मोजत होतो. शेवटचे एकच अंतर उरले होते, वरच्या ओळीच्या भिंतीपासून कड्यापर्यंतचे. मी दोनदा पूर्ण पसरलो, साठ मीटर झाले. तिसऱ्यांदा चार मीटर गेलो आणि पुढे खड्डा आला, काटेरी झुडपांनी गच्च भरलेला. उन्हे उतरली होती. नेमकी त्याच दिवशी बहिणीने भट्टी पहिल्यांदा पेटवली होती. तिने खालून हाक मारली, "दादा, चल की! पहिला घाणा निघालाय, गार होईल!"

मोजणीदाराने खड्ड्याकडे पाहिले, कड्याकडे पाहिले, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "अठरा." वहीत लिहिले: ब्याऐंशी मीटर. मग मला गुंडाळले.

मला ठाऊक होते की तो आकडा माझा नव्हे. पण टेपाला कुठे तोंड असते? आम्ही खाली गेलो. बहिणीचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते. मोजणीदाराने उभ्या उभ्या दोन पाव खाल्ले आणि त्याची जीभ पोळली. दोघे भावंडे पोट धरून हसली. चुकीच्या दिवसांच्या कपाळावर काही लिहिलेले नसते, मित्रांनो.

पुढे वर्षांवर वर्षे गेली. कचेरीत नवी यंत्रे आली. बटण दाबले की अंतर दिसायचे. मोजणीदाराचे केस पांढरे झाले, तो निवृत्त झाला आणि मी त्याच्या कपाटात जुन्या चपलांच्या शेजारी जाऊन पडलो. कोणी तेल लावेना, कोणी विचारेना. गंज चढायला सुरुवात झाली ती तेव्हाच.

मग एके दिवशी बातमी आली. दोन मोठ्या शहरांना जोडणारी अतिवेगवान रेल्वे येणार होती आणि तिचा मार्ग खाणवस्तीजवळून जाणार होता. वस्तीत आधी आनंदच झाला. पण तीनेक वर्षांनी वरच्या ओळीतल्या अकरा घरांच्या भिंतींवर लाल रंगाच्या फुल्या उमटल्या. भट्टीच्या धुराड्यावरही एक फुली होती.

त्याच दिवशी दुपारी शाळेत सभा भरली. मोजणीदार बहिणीशेजारी बसला होता. घरी परतल्यावर त्याने ती सभा बायकोला शब्द न् शब्द सांगितली. कपाट उघडे होते, म्हणून मलाही ऐकू आली.

रेल्वेकडून एक तरुण अभियंता बाई आली होती. तिने फळ्यावर नकाशा लावला. खाणीतल्या सुरुंगांनी कान गेलेले एक आजोबा पुढच्याच बाकावर होते. त्यांना सगळे सुरुंगआजोबा म्हणत. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून ते जगाशी ओरडून बोलत.

"गाडी इथं थांबणार का?" त्यांनी विचारले. खिडकीवरची कबुतरे उडाली.

"नाही, आजोबा. नऊ सेकंदांत निघून जाईल."

"नऊ मिनिटं? पुष्कळ झाली की! तेवढ्यात पाव विकून होतील!"

लोक हसले. अभियंता बाईला मात्र हसू आले नाही. ती म्हणाली, "मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मार्गाला कड्यापासून ऐंशी मीटर मोकळी जागा लागते. नदीपलीकडचा दुसरा मार्गही होता. पण सरकारी नकाशात इथे ब्याऐंशी दिसले. एकही घर हलवावं लागणार नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी हाच मार्ग ठरला. आता प्रत्यक्ष मोजल्यावर जागा सात मीटर कमी भरतेय. जुना आकडा असा कसा आला, कळत नाही."

"कोणी मोजलं होतं ते?" शिंप्याने विचारले.

नकाशाच्या कोपऱ्यातली सही मोजणीदाराने बाकावरूनच ओळखली. ती त्याचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला कपाटातून काढले. वस्तीत जाऊन त्याने अभियंता बाईला गाठले आणि म्हणाला, "बाई, जरा कडी धराल का?"

तिने माझी कडी भिंतीशी धरली. झुडपे कधीच तोडली गेली होती, खड्डाही बुजला होता. साठ. चौसष्ट. मग जिथवर मी तेव्हा गेलोच नव्हतो, तिथे मी गेलो. कड्याच्या दगडाला माझी पट्टी टेकली. त्र्याहत्तर.

"अठरा नव्हते," मोजणीदार म्हणाला. "नऊच होते. मी अंदाजाने लिहिलं."

बाईने इकडेतिकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "काका, हे कुणाला सांगायची गरज नाही. जुना आकडा कुणी टाकला, हे कोण विचारतंय?"

"मी विचारतोय ना," तो म्हणाला.

त्याने सगळे लिहून दिले, खाली सही केली. बाई भली होती. तो कागद घेऊन ती स्वतः मुख्य कचेरीत गेली, तिथे भांडली. पंधरा दिवसांनी उत्तर आले. वस्तीच्या अलीकडे आणि पलीकडे रेल्वेचे खांब उभे राहिले होते. मार्ग आता बदलता येणार नव्हता.

बहिणीला सांगायला मोजणीदार एकटाच गेला. मी त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो. ती भट्टीतली राख ओढत होती. त्याने झाडून सारे सांगितले. खड्डा, झुडपे, तिची हाक, सगळे.

"म्हणजे मी हाक मारली म्हणून?" तिने विचारले.

"नाही गं. मी मोजलं नाही म्हणून."

"दोन पाव खाल्लेस त्या दिवशी," ती म्हणाली. "मला वाटलं, दादाला किती आवडले." एवढे बोलून तिने भट्टीचे लोखंडी दार लावून घेतले आणि ती आत निघून गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलेनाशी झाली.

अकरा कुटुंबांना चार किलोमीटरवरच्या नव्या इमारतीत खोल्या मिळणार होत्या, जुन्या घराएवढ्याच. म्हणून घरांची मोजणी झाली. यंत्रे होतीच, पण मोजणीदार मला घेऊन प्रत्येक घरी गेला. त्याने माळे मोजले, कोनाडे मोजले, जिन्याखालची न्हाणी मोजली. एका आजीची चूल मांडायची वळचणही त्याने सोडली नाही. काही जणांनी तोंड फिरवले, एकाने दार उघडले नाही. सुरुंगआजोबांनी मात्र उघडले आणि गल्लीभर ऐकू जाईल असे ओरडले, "आता तरी नीट मोज रे बाबा!" मोजणीदाराने मान खाली घातली. पण आजोबांनीच पुढे होऊन माझे टोक धरले.

सर्वांत शेवटी भट्टी राहिली. तिथे टोक धरायला कोणीच नव्हते. मोजणीदार उंबऱ्यावर वाकून माझी कडी खिळ्याला अडकवू पाहत होता, पण ती सारखी निसटत होती. तेवढ्यात एक पिठाळ हात पुढे आला. बहिणीने कडी धरली. दोघांनी मिळून भट्टीघर मोजले. लांबी, रुंदी, भट्टीचे तोंड. ती अखेरपर्यंत एक शब्द बोलली नाही आणि काम झाल्यावर कडी तिने जमिनीवर अलगद ठेवली.

उन्हाळ्यात ती ओळ पडली. एका सकाळीच सारे संपले. नव्या इमारतीत बहिणीला तिसरा मजला मिळाला. खोली मापाला बरोबर होती, पण तिसऱ्या मजल्यावर भट्टी कशी घालणार? तिने दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांधायचे काम धरले. पुढे गाडी सुरू झाली, तेव्हा सुरुंगआजोबा गच्चीत खुर्ची टाकून तिची वाट पाहत. त्यांना ती ऐकू येत नसे. मान वळवेपर्यंत ती गेलेली असे. "गेली का?" ते विचारत. "गेली," कोणीतरी हाताने खुणावे.

गाडी सुरू झाली त्याच वर्षी मोजणीदार अंथरुणाला खिळला. एका दुपारी बहीण आली. किती दिवसांनी! तिच्या हातात कागदाची पुडी होती.

"विकतचा आहे," ती म्हणाली. "माझा नाही."

त्याने तुकडा मोडला. बराच वेळ तो नुसता हातात धरून बसला.

"दादा, मी माफ केलं असं समजू नकोस," ती म्हणाली. "तुझी आठवण यायची, म्हणून आले."

"एवढं पुष्कळ आहे गं," तो म्हणाला. मग दोघांनी तो गार पाव चहात बुडवून खाल्ला. मोजणीदार थंडीत गेला.

आता मी बहिणीकडे असतो, तिच्या खोलीतल्या खणात. मला कशाला ठेवले आहे, ते तिने कोणाला सांगितले नाही. कधीतरी ती खण उघडते, माझ्याकडे पाहते आणि पुन्हा लावून टाकते. ती मला तेल लावत नाही. मी तिला दोष देत नाही.

मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल. तुमच्यातले कोणी नकाशे काढतील, कोणी मार्ग आखतील. प्रत्येक ठिकाणी तुम्हाला टोकापर्यंत जाता येईलच असे नाही. काटे असतील, अंधारून येईल, घरून कोणी मायेने हाक मारील. तेव्हा खुशाल घरी जा. पण वहीतल्या त्या आकड्याच्या आधी 'अंदाजे' एवढे लिहायला विसरू नका. मोजणीदाराने तो एक शब्द लिहिला असता, तर कोणीतरी पुन्हा येऊन मोजले असते.