मुरमाच्या भिंतीखालचं कीर्तन

शेषरावांना कीर्तनाचं वेड असं, की टाळाचा आवाज आला म्हणजे भाकरीचा घास हातातच राहायचा. पण अठ्ठावन्न सालची भिलाई! कारखाना उभा राहत होता, दिवसरात्र धडधड. त्यात टाळ कुठला ऐकू यायला? म्हणून गोंदियाचे आनंदरावबुवा रविवारी यायला कबूल झाले, तेव्हा शेषराव मुकादमांना आभाळ ठेंगणं झालं.

जागाही त्यांनीच हेरली. कारखान्याचं अवजड सामान जावं म्हणून कुम्हारीच्या अलीकडे मोठा रस्ता रुंद होत होता, आणि त्यांच्या टोळीनं तिथली टेकडी मधोमध कापली होती. दोन्ही अंगांना तीन पुरुष उंच मुरमाच्या भिंती, खाली गार सावली. एक टाळ वाजवावा तर चार वाजल्यासारखे घुमत. देवानंच हे देऊळ खोदून घेतलं, असं शेषराव सगळ्यांना सांगत सुटले होते.

रविवारी सकाळी ते मांडवाला आंब्याची तोरणं बांधत होते. तेवढ्यात टेकडीच्या माथ्यावरून तुळसाबाईची हाक आली. तुळसाबाई टोळीतली सगळ्यात वयस्क बाई, अख्खी टोळी तिला माय म्हणे.

"शेषराव, वर ये."

"माय, तोरण बांधू दे मले. बुवा येऊन राहिले."

"तोरण मंग बांध. आधी पट्टा पाहून घे."

पावसाळा सरता सरता माथ्यावर, कड्यापासून चार हातांवर, एक बारीक भेग दिसली होती. अशा भेगेवर खुणेला सिमेंटचा पट्टा ओढतात; पण सिमेंट सगळं कारखान्याला लागे, म्हणून तुळसाबाईनं शेण, माती आणि भाताचा कोंडा कालवून भेगेवर आडवे पट्टे सारवले होते. पट्टा अखंड, तर टेकडी जागेवर. पट्टा तुटला, की खाली कुणी थांबायचं नाही. हा नियम शेषरावांनीच घातलेला.

वर जाऊन पाहतात तो मधला पट्टा सरळ तुटलेला. नियम त्यांना आठवला. पण तोंड काही वेगळंच बोललं.

"उन्हानं फाटला असंल, माय."

"उन्हानं फाटला तर जाळी पडते, कोळ्याच्या घरावाणी. चाळीस वर्सं भिंती सारवल्या मी. आन हे पाहा, कड्याकडचं अंग बोटभर खाली गेलं."

"एक नवा पट्टा टाक ना."

"टाकते. पट्ट्यानं टेकडी थांबते का रे? टेकडी काय म्हणते ते समजासाठी पट्टा असते, तिले बांधून ठेवासाठी नाही."

"दोन तासांचं तर कीर्तन हाय, माय! दोनच तास."

तुळसाबाईनं शेणाचे हात कमरेवर ठेवले. "बरं. बस खाली. माह्या नातीले तुह्याच मांडीवर बसवतो का?"

शेषरावांनी खाली पाहिलं. सतरंज्या पसरल्या होत्या. पुढची जागा मिळावी म्हणून बाया लेकरांना घेऊन आत्ताच येऊन बसल्या होत्या. देवा, दोन तास धर ही भिंत, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच त्यांची त्यांनाच लाज वाटली. ज्याचं नाव घ्यायचं, त्यालाच राखणीला बसवायचं?

"उठा!" ते ओरडले. "सतरंज्या उचला! कीर्तन पल्याड, भरावावर!"

"कावून वो मुकादम?" तबला लावत बसलेला नत्थू कुरकुरला. "तिथं ऊन हाय, सावली इथं!"

"पट्टा तुटला!"

नत्थू तबला पोटाशी धरून सगळ्यांच्या आधी पळाला.

आता राहिली टेकडीतून जाणारी वाट. तिचं दुर्ग शहराकडचं तोंड बांबू आणि काटे घालून बंद केलं. कुम्हारीकडून मात्र अजून माणसं येणार होती, आणि त्यांना हीच वाट जवळची. लाल झेंडा घेऊन तिथं कुणीतरी उभं राहायला हवं होतं. शेषरावांनी झेंडा स्वतःच उचलला.

"तू?" तुळसाबाई म्हणाली. "तूच बोलावलं ना बुवाले?"

"दुसरा कोणी टाळ ऐकून झेंडा टाकून पळंल, माय. त्याच्या जागी मी असतो तर पळलो असतो. पण नियम माहा हाय."

बुवा आले, नमनाला उभे राहिले. वारा उलटा. शेषरावांना दुरून बुवांचे हात हलताना दिसत, शब्द एक येईना. एक सायकलवाला हट्टाला पेटला.

"अहो मुकादम, तिकडून फेरा पडते!"

"पडू दे."

"एक मिनिटात निघून जातो ना मी!"

"टेकडीले विचारून ये पहिले."

त्यांचं भांडण रंगात आलं असताना भिंतीवरून खडे घरंगळले. मग मूठ मूठ माती. मग डाव्या अंगाची अख्खी भिंत गुडघे टेकल्यासारखी खाली बसली. मांडव गेला, तोरणं गेली, लाल धुरळा आभाळापर्यंत उठला. सायकलवाल्यानं आपली सायकल मुकाट्यानं उलटी फिरवली.

टाळ थांबले. सगळे धावत आले, पुढे बुवा, धुळीनं पगडी लालेलाल.

"आत कुणी होतं का?"

"नाही बुवा. तोरण होतं," शेषराव म्हणाले.

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, बाया डोळे पुसत हसल्या. बुवांनी शेषरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कीर्तन कुठवर ऐकलंत?"

"तुम्ही नमनाले उभे राहिले, ते दिसलं. ऐकाले काहीच नाही आलं."

बुवा मंडळींकडे वळले. "चला, पुन्हा पहिल्यापासून."

"बुवा, अर्धं तर झालं!" नत्थू कळवळला. "हात भरून आले माहे!"

"ते अर्धं माझं होतं. हे यांचं."

तुळसाबाईनं झेंडा शेषरावांच्या हातातून ओढून घेतला. "जा. पाहू कोण जाते इथून ते!"

शेषराव भरावावर पहिल्या रांगेत बसले. बुवांनी उपरणं झटकलं आणि आख्यानच बदललं, गोवर्धनाचं घेतलं. "डोंगर उचलणारा तो एकच बरं का," ते शेषरावांकडे पाहून म्हणाले, "आपण आपलं बाजूला सरावं!" टाळांचा कल्लोळ उठला, आणि शेषरावांच्या डोळ्यांतलं पाणी धुळीच्या गालांवरून ओघळलं.

तेवढ्यात दुरून, झेंडा हलवत, एक खणखणीत आवाज आला.

"मोठ्यानं म्हणा वो बुवा! मले काही ऐकू नाही येऊन राहिलं!"