घोंगडीवर ठेवलेला हात

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी. काळी, जाड आणि खरे सांगायचे तर चांगलीच टोचरी. वेल्ह्याच्या डोंगरातल्या धनगरवस्तीवर, म्हादूच्या घरातल्या दांडीवर मी कित्येक वर्षे लटकत होते.

माझी लोकर म्हादूच्याच मेंढरांची. भोरच्या एका विणकराने मला मागावर विणले आणि चिंचोक्याची खळ लावून असे कडक केले, की पहिले वर्षभर मी कुणाला जुमानत नव्हते. तेव्हा माझा तोरा काय वर्णावा. पावसात म्हादूच्या डोक्यावर मी, पाहुणा आला की बसायला मी. वस्तीत तंटा झाला, तर माझ्यावर भंडारा टाकून आणि हात ठेवून लोक खरे बोलण्याची शपथ घेत. म्हादूचा मुलगा सिद्धनाथ तर माझ्याशिवाय झोपत नसे.

तो अकरा वर्षांचा असताना नात्यातल्याच एका मोठ्या माणसाने त्याच्यावर अत्याचार केला. सगळी वस्ती त्या माणसाच्या पाया पडायची. एकदा नव्हे, त्या उन्हाळ्यात अनेकदा हे घडले. सिद्धनाथने धीर करून बापाला सांगितले. म्हादू वाईट नव्हता, पण लोकांना फार भ्यायचा. त्याने मला अंथरले, भंडारा टाकला. मला वाटले, आता त्या माणसाला बोलावतील. म्हादूने मुलाचाच हात धरला.

“पोरीची गोष्ट असती तर येगळं,” तो म्हणाला. “बाप्याच्या जातीला काय व्हतंय? लोकं हसतील तुला. ठिव हात. कुनाला सांगनार न्हाई म्हन.”

सिद्धनाथने हात ठेवला. गप्प राहण्याची शपथ माझ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा घेतली गेली.

त्यानंतर त्याने मला कधी अंगावर घेतले नाही. विंझरच्या दुकानातली पातळ चादर पांघरून तो कुडकुडायचा आणि मी दोन हातांच्या अंतरावर दांडीवर नुसती लटकलेली. तो मोठा झाला, टेम्पो चालवू लागला, दिपालीशी त्याचे लग्न झाले. चार माणसांत बसला तरी दाराजवळच बसायचा. गडी घुमा आहे, असे लोक म्हणत. कारण मला ठाऊक होते, पण घोंगडीला तोंड कुठे? एका घरात राहून आम्ही दोघे एकटे होतो. मला कसर लागली, किडे माझी लोकर कुरतडू लागले.

गेल्या वर्षी त्याने सारे दिपालीला सांगितले. ती हसली नाही. म्हणाली, “तुमची काय चूक त्यात? त्या शपथंचं वझं तुमी का वागवताय?” मग तो भोरला एका समुपदेशकाकडे जाऊ लागला. असे सोसलेले पुरुष पुष्कळ असतात, हे त्याला तिथे कळले. तरी मला मात्र तो शिवत नव्हता.

यंदा दिवाळीनंतर तोच माणूस वस्तीवर आला. म्हातारा झाला होता, पण मान तसाच होता. मेंढरांमागे न्यायला त्याला वस्तीतली दोन पोरे हवी होती. सवयीने म्हादूने त्याच्यासाठी मला अंथरले. सिद्धनाथ दाराजवळून उठला आणि त्याने मला ओढून घेतले.

“ह्यांना बसायला घोंगडी न्हाई.”

सगळ्यांसमोर त्याने माझ्यावर हात ठेवला आणि त्या उन्हाळ्यात काय घडले ते सांगितले. शेवटी म्हणाला, “एक बी पोरगं ह्यांच्यासंगं जानार न्हाई.”

“खुळं झालंय ह्ये,” म्हातारा म्हणाला आणि त्याने म्हादूकडे पाहिले. सगळेच म्हादूकडे पाहू लागले. मला भीती वाटली, की हा पुन्हा घाबरणार.

“खरं हाय,” म्हादू म्हणाला. “तवाच सांगितलं व्हतं त्यानं मला. त्याचं तोंड म्या बांधलं.”

म्हातारा उठून गेला. पोरे वस्तीवरच राहिली. म्हादूने मला झटकले आणि मानकऱ्याच्या खांद्यावर घालतात तसे सिद्धनाथच्या खांद्यावर घातले. तो मला फेकून देईल असे वाटले. त्याने माझी दोन्ही टोके हाताने जवळ ओढली आणि तो रडला. त्याला कुणीही हसले नाही.

मित्रांनो, मुलगा असो की मोठा बाप्या, असे काही सांगू लागला तर त्याला शपथ घालू नका. तुमच्यावर असे गुदरले, तर चूक तुमची नाही. एकाने ऐकले नाही, तर दुसऱ्याला सांगा. आणि घरातल्या घोंगडीला अधूनमधून ऊन दाखवत जा. सिद्धनाथ हल्ली मला पांघरून झोपतो. मी अजूनही टोचते, असे तो म्हणतो.